दुसऱ्या बाजूचं बेअरिंग

वहिनी म्हणजे मिस्त्रींची बायको, म्हणून गिऱ्हाइकांच्या वहिनी. मिस्त्री सायकली दुरुस्त करायचे, त्या आत हिशेबाला आणि चहाला. बारा वर्षांपूर्वी मिस्त्रींचे हात थरथरायला लागले, चाकातली पोलादी गोळी, छर्रा, चिमटीत धरवेना, आणि पान्हा वहिनींच्या हाती आला. आता सत्तरीचे गृहस्थही दुकानाच्या पायरीवर उभे राहून "वहिनी, ब्रेक बघा जरा" म्हणतात, आणि वहिनी "ठेवा तिथे" म्हणतात.

दुकान म्हणजे रस्त्याला लागून असलेली एक लांबट खोली. उजव्या भिंतीवर हत्यारं, डाव्या भिंतीवर टायर, आणि मागे खिडकीखाली मिस्त्रींची खुर्ची. हातांना काम नसलं तरी मिस्त्रींच्या तोंडाला सुट्टी नसते.

घरोघर जाऊन रुग्णांना इंजेक्शनं देणाऱ्या, जखमा बांधणाऱ्या नर्सांच्या बावीस सायकली दुकानात आल्या त्या या खुर्चीसमोरच. सगळ्या नाही, आधी फक्त दोन चाकं. या नर्सांच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणतात, त्या दोन्ही खांद्यांना चाकं अडकवून आत आल्या.

"दोनच वर्षं झाली आणि चाकं घरघरायला लागलीत. कंपनी म्हणते, आतलं बेअरिंग बंद असतं, ते निघत नाही, अख्खं चाक बदला. बावीस सायकलींची चाकं म्हणजे दोन महिने. तोवर माझ्या मुलींनी पायी फिरायचं का?"

वहिनींनी चाक फिरवलं, कान लावला. आत छर्रे दळल्यासारखे वाजत होते.

"निघतं," त्या म्हणाल्या.

"काढलंय कधी?"

"नाही."

मोठ्या सिस्टर हसल्या, पण चाकं ठेवून गेल्या. अट सरळ होती. दोन चाकं महिनाभर चालली तर बावीसही सायकली वहिनींकडे. नाही तर कंपनीचा कागद तयारच होता, सही तेवढी बाकी होती.

वहिनींच्या दृष्टीने प्रश्न बावीस सायकलींपुरता नव्हता. जुन्या सायकलींचे हब, म्हणजे चाकाचे मधले तुंबे, उघडता येतात. सुटे छर्रे धुवायचे, ग्रीस भरायचं, छर्रे धरणारा कोन नट आवळायचा. नव्या सायकलींत बेअरिंग डबीसारखं बंद असतं आणि हबात घट्ट ठोकून बसवलेलं असतं. ते काढता येत नसेल तर पाच वर्षांनी या दुकानात पंक्चर सोडून काही उरलं नसतं.

"डबाबंद गोळ्या," मिस्त्री म्हणाले. "बाहेर काढायला पकडणार कुठे? चिमट्याला धरायला कड नाही, हातोड्याला जागा नाही."

"तुम्ही जरा गप्प बसता का? विचार करू दे."

"मी बसूनच आहे."

उत्तर मिळालं शेजारच्या इमारतीवर. पाण्याच्या टाकीची शिडी भिंतीला बसवताना गवंडी भोकात एक बोल्ट घालत होता. नट आवळला की बोल्टची बाहेरची नळी फाकते आणि भोकाला आतून धरते. वहिनी पान्हा हातात धरूनच तिथे उभ्या राहिल्या. बेअरिंगलाही मध्ये भोक असतंच की. त्या भोकात असा बोल्ट फाकवायचा आणि हबाच्या दुसऱ्या बाजूने सळई घालून ठोकायचं. गवंड्याकडून एक बोल्ट मागून घेतला, घासून बारीक केला. पहिलं बेअरिंग चौथ्या ठोक्याला टणकन फरशीवर पडलं.

मिस्त्री खुर्चीत पुढे सरकले.

नवं बेअरिंग बसवायचं हत्यार लेथवाल्या दादांकडून झालं. लांब आट्याचा बोल्ट, दोन्ही टोकांना पोलादी चकत्या. नट फिरवला की चकत्या जवळ येतात आणि बेअरिंग सरळ आत सरकतं. चकतीचा मधला भाग वहिनींनी मुद्दाम खोलगट करून घेतला होता, म्हणजे दाब बेअरिंगच्या फक्त बाहेरच्या कड्यावर पडेल. दादांनी विचारलं, "एवढं माप कशाला? सायकलच आहे ना?"

"तुमच्या आईला इंजेक्शन द्यायला जी येते, तिचीच आहे," वहिनी म्हणाल्या. दादांनी चकती पुन्हा मापली.

चाकं गेली. वीस दिवसांनी मोठ्या सिस्टर परत आल्या, एक चाक घेऊन. या वेळी हसल्या नाहीत.

"गुणगुणतंय."

चाक मोकळं फिरत नव्हतं, अडखळत होतं. मिस्त्री लगेच म्हणाले, "माल हलका असणार. बेअरिंगच खराब."

मिस्त्रींनी वहिनींना सुटायची वाट करून दिली होती, ती घेता आली असती. त्यांनी चाक उचलून बाकावर ठेवलं, एक्सल, म्हणजे मधला दांडा, काढला आणि भोकातून आत बोट घातलं. दोन्ही बेअरिंगांच्या मध्ये एक छोटी नळी असते, आतली कडी एकमेकांपासून दूर ठेवणारी. ती नळी जाम झाली होती.

"बेअरिंग चांगलं होतं," त्या म्हणाल्या. "नाचता येईना अंगण वाकडं, असं नको. चूक माझी आहे."

जुन्या हबांवर काम केलेल्या हाताची सवय होती ती. छर्र्यांची वाटी बसवायची तर पार तळाला टेकेपर्यंत बसवायची. पहिलं बेअरिंग तसंच बसतं. दुसरं मात्र मधल्या नळीला टेकलं की थांबायचं असतं. वहिनींनी ते पुढे रेटलं होतं. बाहेरचं कडं आत गेलं, आतलं नळीने अडवलं, आणि छर्रे तिरके दाबले गेले.

"कागदावर आज सही करायची आहे," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"एक तास द्या. समोर बसा."

मोठ्या सिस्टर टायरांच्या गठ्ठ्यावर बसल्या. वहिनींनी दुसऱ्या बाजूचं बेअरिंग काढून टाकलं, नवं लावलं. नट पाव वळसा फिरवला, हत्यार सोडवलं, करंगळी आत घालून नळी हलवून पाहिली. हलली. पुन्हा हत्यार, पुन्हा पाव वळसा. असं अकरा वेळा. बाराव्या वेळी नळी हलली नाही, आणि वहिनींनी तिथेच पान्हा खाली ठेवला. मिस्त्री म्हणाले, "अजून अर्धं सूत आत जाईल."

"जाईल. घालणार नाही."

त्यांनी चाक उभं धरून बोटाने ढकललं. ते आवाज न करता फिरलं, फिरत राहिलं. मोठ्या सिस्टरनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, नाडी मोजताना पाहतात तसं. पावणेदोन मिनिटांनी चाक थांबलं.

"सोमवारपासून रोज दोन सायकली पाठवते," त्या उठत म्हणाल्या. "कागद तसाच राहू दे."

"आणि ते दुसरं चाकही पाठवा."

"ते तर वाजत नाही."

"वाजेल. तेही त्याच हाताने बसवलंय. ते आधी दुरुस्त करते, मग तुमच्या बावीस."

मोठ्या सिस्टर चाक खांद्याला लावून गेल्या. मिस्त्रींनी हात लांब केला. वहिनींनी ते हत्यार त्यांच्या थरथरत्या तळव्यावर ठेवलं. त्यांनी चकतीच्या खोलगट भागावरून अंगठा फिरवला.

"दादांकडून चकत्यांची आणखी एक मोठी जोडी करून घे," ते म्हणाले. "जाड एक्सलवाल्या सायकली येतील आता."

"सांगितलंय," वहिनी म्हणाल्या आणि हत्यार परत मागून घेतलं.