फ्रेमला लावलेली काळी माती

बुलढाण्यातल्या सायकलच्या दुकानात मी ट्यूब घ्यायला गेलो होतो. तिथे पन्नाशीचा एक गृहस्थ डोंगरी सायकलची फ्रेम निवडत होता. मागच्या चाकाचा धक्का खाणारा शॉक दोन्ही फ्रेमना होता. एकीला मागे एकच हलणारा सांधा, दुसरीला चार. कंबर गेल्यामुळे डॉक्टरांनी त्याची साधी सायकल बंद केली होती आणि लोणारकडच्या पांदणवाटा काही त्याला सोडवत नव्हत्या.

त्यानं पिशवीतून ओली काळी माती काढली आणि दोन्ही फ्रेमच्या सांध्यांत अंगठ्यानं शांतपणे भरली. माझी ट्यूब राहिली बाजूलाच.

“काऊन खराब करून राह्यले भाऊ? नवा माल हाय!” दुकानदार ओरडला.

“चिखल तं बसनारच. निघते कशातून, थे पाह्यतो.”

मग त्यानं ब्रश मागून दोन्ही फ्रेम धुतल्या. चार सांध्यांत माती अडकून राहिली, म्हणून त्यानं एका सांध्याची घेतली. कंबरेला खरं तर चारवालीची चाल मऊ होती. निघताना तिचा मागचा भाग त्यानं हातानं एकदा दाबून पाहिला.

त्याचं नाव मला ठाऊक नाही, दुकानदारालाही नाही. परवा गेलो, तर दुकानाच्या दारात ओल्या काळ्या मातीचं घमेलं ठेवलेलं होतं.