पेवातल्या दाजीचं मागणं

हरिपुरात हळद जमिनीवर कमी आणि जमिनीखाली जास्त. वीस-पंचवीस फूट खोल पेव. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मात्र चांगलं खोलीएवढं. हळद भरून तोंडावर फरशी ठेवली आणि वरून माती लिंपली की वर्षानुवर्षं कीड लागत नाही. ही पेवं भरायची-उपसायची कामं करण्यात केरबाची उमर गेली. अंगानं किरकोळ, तोंडानं बहाद्दर, आणि बिडी पेटल्याशिवाय त्याचा पाय म्हणून उचलत नसे. बायको लवकर गेलेली. थोरली बहीण शालूबाई त्याच गल्लीत राहायची, तिचा नवरा तात्याबा केरबाबरोबरच पेवावर. दाजी आणि मेहुणा दोघं दिवसभर एकमेकांची टिंगल करायचे आणि एकाच भाकरीवर जेवायचे.

बंद पेवात वाईट हवा साठते. म्हणून फरशी काढली की आधी पेटता कंदील दोरीनं आत सोडायचा. तो जळत राहिला तर ज्यानं सोडला त्यानं उजवा हात वर करायचा. तो हात दिसल्याशिवाय कुणी उतरायचं नाही, मग मालकाचा बाप का येईना. हा शिरस्ता गावातल्या शेंबड्या पोरांनाही पाठ.

चौसष्ट सालच्या उन्हाळ्यात तात्याबा पेवात उतरला आणि चौघांनी ओढून वर काढला तेव्हा गार झाला होता. कंदिलाचं काम त्या दिवशी केरबाकडं होतं. कंदील नीट जळत होता, असं त्यानं पंचांना सांगितलं, बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. त्याला तसंच आठवत होतं. हवेचा काय भरवसा, असं म्हणून लोक गप्प झाले.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी केरबा तोंड धुवायला बसला, तर उजवा हात उठेना. खांद्यापासून लाकूड. सांगलीच्या डॉक्टरानं सुई टोचली, फोटो काढला; हाड शाबूत, शिरा शाबूत. हात का चालत नाही हे त्यालाही सांगता येईना. डाव्या हातानं जेवायला केरबा काही केल्या तयार नव्हता. मग शालूबाई दोन वेळा येऊन त्याला घास भरवू लागली. नवरा गेलेली बाई, भावाला भरवताना भावकीतलं कोण काय म्हणतं याकडं तिनं ढुंकून पाहिलं नाही. तिला आता तोच एक उरला होता, आणि त्याचा हात आला नसता तर दोन्ही चुली विझायच्या होत्या.

त्यातच केरबाला स्वप्न पडू लागलं. दुपारी जरा डोळा लागला तरी तेच. पेवाच्या तळाशी दाजी मांडी घालून बसलाय, तोंडात कोरी बिडी, आणि वर बघून काहीतरी मागतोय. केरबा द्यायला जातो तर हात उठत नाही. कवठे महांकाळकडच्या एका देवऋष्यानं सांगितलं, मेलेल्याची वासना राहिलीय, त्याला बिडी द्या. झालं. शालूबाई दर अवसेला त्या पेवाच्या तोंडाशी बिडीचं बंडल ठेवायची. अशी सात बंडलं झाली. हात काही हलला नाही, स्वप्नही थांबलं नाही.

शेवटी कुणीतरी मिरजेच्या डॉक्टराचं नाव घेतलं. हा डॉक्टर औषध कमी द्यायचा आणि विचारायचा फार. आपल्या मनालाही पेव असतं, तो म्हणाला, आणि आपण लिंपून टाकलेलं स्वप्नात खुणेनं बोलतं. शालूबाईला हे थोतांड वाटलं, पण ती भावाशेजारी बाकावर बसून राहिली. तिसऱ्या खेपेला डॉक्टरानं स्वप्न पुन्हा सांगायला लावलं आणि सहज विचारलं, की बिडी तर तात्याबाच्या तोंडातच आहे, मग तो मागतो काय?

सात महिने सारखं पडणारं स्वप्न, आणि हे केरबाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"काडी," तो म्हणाला. "दाजी काडी मागत्यात."

काडीच का, एवढंच डॉक्टरानं विचारलं. केरबा बोलू लागला तो दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज असावा तसा.

"पेटीत एकच काडी हुती. तिच्यावर मी बिडी पेटिवली. कंदिलाला काडी उरलीच न्हाई. दुकान लांब, दारात ट्रक हुबा, मुकादम वरडतुया. म्हटलं, पेव कालधरनं उघडंच हाय, काय हुतंय. दाजी लिंबाखाली पटका बांधत हुते. त्यांनी लांबनंच माज्याकडं बघितलं. आन् मी हात वर केला."

हे सांगताना त्याचा उजवा हात खांद्यातून सरळ वर गेला. पाची बोटं ताठ, जशी त्या दिवशी होती तशी. केरबानं मान वर करून हात पाहिला आणि तो किंचाळला. हात बरा झाल्याचा आनंद त्यात तिळमात्र नव्हता. आपण काय केलं हे त्याला आता, बहिणीच्या बरोबरीनं, पहिल्यांदाच कळत होतं. डॉक्टर खुशीत पुढं झाला आणि हात चाचपू लागला. शालूबाई बाकावरून उठून दाराकडं गेली.

दोघं केरबाच्या घरी आले. तिनं रोजच्यासारखं ताट वाढलं, त्याच्यापुढं ठेवलं, आणि घास न मोडता उठली.

"हात आला न्हवं तुजा," ती म्हणाली. "आता तुज्या हातानं जेव. माज्या दारात पाय ठिवू नगंस."

ती गेली तोवर केरबाचा हात आल्याची बातमी गल्लीभर झाली होती. माणसं हसतमुखानं आत आली, देवाच्या नावानं हात जोडू लागली, आणि एक म्हातारा कौतुकानं म्हणाला, "वर करून दाखीव की रं एकदा."

केरबानं तो हात दुसऱ्या हातानं मांडीवर दाबून धरला.