मावशीचे गुडघे आणि राजाची पेटी

गेली कित्येक वर्षं मी लिफ्टने जात नाही. हैदराबादेत तारनाक्याच्या आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यापर्यंत पायऱ्यांनी चढतो आणि माझी मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगते, "भाच्याचा व्यायाम बघा. पन्नाशी उलटली, पण लिफ्टला हात लावत नाही!" मी नम्रपणे मान खाली घालतो. खरी हकीकत अशी, की दिलसुखनगरातल्या एका दुकानाच्या लिफ्टमध्ये मी पाऊण तास अडकलो होतो. सोबत एक अनोळखी गृहस्थ होते. पहिली दहा मिनिटं मी त्यांना धीर दिला. उरलेला वेळ त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून मी आईला हाका मारत होतो. बाहेर पडल्यावर त्यांनी माझं नावही विचारलं नाही. सभ्य माणूस.

हे कुणाला माहीत नव्हतं. उलट आमच्या गोतावळ्यात माझी ख्याती भुतांच्या गोष्टी सांगणारा निधड्या छातीचा माणूस अशी. माणसांना घाबरवणं हा माझा जुना छंद. त्याची फेड अशी व्हायची होती.

मावशी सत्तरीची. नांदेडकडच्या शेतकरी घरातली, रेल्वेच्या ऑफिसात नोकरी करून इथंच निवृत्त झालेली. लग्न केलं नाही, कुणाचं ऐकून घेतलं नाही. तिचे दोन्ही गुडघे बदलायचे ठरले, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, की ऑपरेशननंतर उकिडवं बसणं, रांगणं कायमचं बंद. त्याच संध्याकाळी ती माझ्याकडे आली.

"वाकता येतंय तोवर मला इजिप्तला जायचंय. त्या मोठ्या पिरॅमिडच्या पोटात, राजाच्या खोलीत. तू माझ्यापुढे चालायचंस."

"मीच का?"

"मग कोण? मेलेल्यांना न भिणारा तूच एक आहेस आपल्यात."

हैदराबादहून निघालेल्या एका सहलीच्या चमूत आम्ही दाखल झालो.

पिरॅमिड लांबून सुंदर दिसतो. लांबूनच पाहावा. जवळ गेल्यावर तो आकाश खायला लागतो. माझ्या छातीएवढ्या उंचीचे दगड एकावर एक रचत गेलेले, आणि त्या सगळ्या ओझ्याच्या खाली एक भोक. त्या भोकातून माणसं बाहेर येत होती. घामानं निथळलेली, लाल तोंडाची. त्यातलं एकही हसत नव्हतं, हे मी नीट पाहून घेतलं.

आमचा टूर मॅनेजर हैदराबादच्या जुन्या शहरातला. तो मावशीला विनवत होता, "अम्मा, अंदर नक्को जाओ. घुटनों का हाल देखो. बाहर से फोटो लेलो, मस्त आता."

माझ्या मनात आशेचा दिवा लागला. मीही गंभीर चेहरा करून म्हणालो, "मावशी, यांचं म्हणणं बरोबर आहे हं."

"तुम चुप बैठो जी," मावशी त्याला म्हणाली, आणि मला म्हणाली, "तूही."

दाराशी तिनं चपला काढल्या. समाधी म्हटल्यावर तिचे हात आपोआप पायांकडे गेले. तिचं बघून आमच्यातल्या आणखी पाचसहा जणांनी काढल्या, एकानं डोक्यावर रुमालही बांधला. पहारेकरी धावत आला आणि चपलांकडे बोट करून ओरडायला लागला. शेवटी सगळ्यांनी ओशाळून पुन्हा पाय सरकवले. ही गंमत आणखी तासभर चालावी असं मला फार वाटत होतं. पण मावशीनं माझा कमरेचा पट्टा मागून घट्ट धरला. "चल."

सुरुवातीला डोंगरातल्या गुहेसारखी वाट होती. तेवढं मी निभावून नेलं. मग तो चढ आला. माझ्या कमरेहून जेमतेम वर पोचेल एवढीच त्याची उंची. खाली लाकडी फळ्या, त्यांवर पाय अडकवायला लोखंडी पट्ट्या. वर दगड, डावीकडे दगड, उजवीकडे दगड. आत जाणारे आणि बाहेर येणारे त्याच एका वाटेनं, एकमेकांना घासत. हवा अशी, की आधी चारशे जणांनी वापरून परत ठेवलेली.

दहाबारा पट्ट्या चढलो असेन. एक धिप्पाड माणूस वरून उतरत आला आणि त्यानं पुढचा दिवा झाकला. तेवढ्या क्षणात माझ्या पाठीवर सगळा पिरॅमिड येऊन बसला. कानात ढोल वाजायला लागले. श्वास घ्यायला तोंड उघडलं, पण आत काही जाईना. धिप्पाड माणूस कधीच निघून गेला, दिवा पुन्हा दिसायला लागला, मी मात्र दोन्ही हातांनी कठडा धरून तिथंच बसलो.

"काय झालं रे?" मागून मावशी.

"मला जमत नाही."

"काय जमत नाही?"

"मावशी, मला बंद जागेची भीती वाटते. मी लिफ्टनं जात नाही ते व्यायाम म्हणून नव्हे."

भुतांच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्या माणसानं ही कबुली जमिनीखालच्यासारख्या त्या बोगद्यात, ढुंगण वर करून, पाठमोऱ्या अवस्थेत दिली. मागे रांग तुंबली. आमच्याच चमूतल्या एक तेलुगू शिक्षिका मावशीच्या मागे होत्या. "एमैंदंडी?" त्या विचारू लागल्या. काय झालं हो, काय झालं हो, असं चार भाषांतून मागे मागे जात राहिलं.

वाकलेल्या गुडघ्यांवर मावशीला फार वेळ थांबता येत नव्हतं. तिचा श्वास कळ सोसणाऱ्या माणसासारखा तुटक तुटक ऐकू येत होता. मी मागे फिरलो असतो, तर तिलाही फिरावं लागलं असतं. पट्टा सोडून एकटी ती दोन पावलं चढू शकत नव्हती. आणि महिन्याभरानं ऑपरेशन. म्हणजे हे कायमचं राहिलं असतं, माझ्यामुळे.

"पट्ट्या मोज," ती म्हणाली.

"काय?"

"पायाखालच्या पट्ट्या मोज. तुझा आजोबा ज्वारी मोजायचा तशी. वर बघू नकोस."

खळ्यात मापानं धान्य मोजताना आमच्याकडे पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मग दोन, तीन. आणि मोजणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही, त्यानंही मध्ये दुसरा शब्द काढायचा नाही.

मी डोळे पट्टीवर रोवले. "लाभ." एक पाय. "दोन." दुसरा. सातावर आकडा हरवला. मागून कमरेच्या पट्ट्याला हिसका. "पहिल्यापासून." लाभ. दोन. तीन. पुढून उतरणारी एक जपानी म्हातारी माझ्या तोंडाकडे बघून दगडाला चिकटून थांबली. मी मंत्र म्हणतोय असं तिला वाटलं असावं. किती वेळा लाभापासून सुरुवात केली, सांगता येत नाही. एकदा 'एकोणीस' म्हटलं आणि डोक्यावरचा दगड नाहीसा झाला. मी सरळ उभा राहिलो. समोर एक उंचच उंच, चढत गेलेलं दालन होतं आणि मला रडावंसं वाटत होतं.

त्याच्या टोकाला पुन्हा एकदा वाकून आम्ही राजाच्या खोलीत शिरलो.

काय असेल म्हणता तिथं? काही नाही. काळपट तांबूस दगडाच्या उघड्या भिंती. ना चित्र, ना अक्षर. एका बाजूला झाकण नसलेली दगडी पेटी, एक कोपरा फुटलेला. आत राजा नाही, धूळसुद्धा नाही. कुणीतरी खोकलं आणि खोली घुमली. एवढं सगळं ओझं एका रिकाम्या पेटीवर रचलेलं, हे कळल्यावर मला नवीच भीती वाटली. भूत असतं तरी बरं झालं असतं. सोबत झाली असती.

मावशी पेटीवर हात ठेवून उभी होती. तिला हवं ते मिळालं होतं. मी म्हणालो, "निघू या?"

ती हलली नाही.

"गुडघा धरलाय," ती म्हणाली. "वाकतच नाही."

"बस जरा."

"बसले तर उठायची नाही." आणि मग आयुष्यात पहिल्यांदा ऐकला असा बारीक आवाज. "अरे, मला इथं ठेवून जाऊ नकोस हं."

रेल्वेच्या साहेबांना दरडावणारी ही बाई! तिच्या हाताची बोटं थंडगार होती. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

त्यानंतरचा पाऊण तास मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतो. पहारेकऱ्यानं रांग थांबवली. शिक्षिकाबाईंनी आपली ओढणी मावशीच्या काखेतून बांधून वरून धरली. मावशीला फळ्यांवर बसवलं, तिचे दोन्ही पाय सरळ माझ्या मांड्यांवर घेतले, आणि मी उलटा, बोगद्याच्या तोंडाकडे पाठ करून, एकेक पट्टी घसरत उतरलो. पाय कुठं पडतोय दिसत नव्हतं. दगड तितकेच जवळ होते, हवा तितकीच कमी. मी अखंड बोलत होतो. ऑफिसातल्या कुणाकुणाच्या चहाड्या, शेजारणीच्या नकला. मध्येच ती कळवळून म्हणायची, "सोडशील रे." मी म्हणायचो, "आता सोडून कुठं जाऊ? खाली अख्खी रांग उभी आहे." भीती गेली नव्हती. तिच्याकडे बघायला फक्त सवड नव्हती.

बाहेर ऊन डोळ्यांत घुसलं. एका दगडावर आम्ही दोघं बसलो. मॅनेजर पाणी घेऊन धावत आला. मावशीनं माझ्या सदऱ्याची बाही मुठीत धरली होती, ती पाणी पितानाही सुटली नाही. हॉटेलपर्यंत सुटली नाही.

आता तिचे नवे गुडघे छान चालतात. चारचौघांत मी ही गोष्ट सांगतो. माझ्या फजितीवर ती पोट धरून हसते, चपलांचा भाग स्वतः सांगते. पण राजाच्या खोलीशी आलो, की उठून चहाचं बघायला जाते, आणि मीही तिथंच थांबतो. पुढचं तिच्यासमोर कधी सांगितलं नाही. म्हणून लिहायच्या आधी तिला विचारलं.

ती शेंगा सोलत होती.

"लिही," म्हणाली. "फक्त मी रडले नाही, असं लिही."

मावशी रडली नाही.