खाली लागलेला भात

धाड गावच्या जहांगीरभाईंना कोणी एखादा पदार्थ येतो का असं विचारलं, की ते आधी ‘हाव’ म्हणून होकार देत आणि मग तो पदार्थ काय असतो याची चौकशी करत. पंचक्रोशीतल्या लग्नकार्यांत देग, म्हणजे भलंमोठं पातेलं, चढवणारा हा आचारी. मंचुरियन त्यांनी जन्मात पहिल्यांदा खाल्लं ते स्वतःच्याच कढईतलं, आणि वऱ्हाडी मंडळींनी ते दुसऱ्यांदा मागून घेतलं तेव्हा आपल्याला ते येतं अशी त्यांची खात्री पटली.

त्यामुळे कडूबानं विचारलं तेव्हा वेगळं काही घडायचं कारण नव्हतं. कडूबाचा भाजीपाल्याचा मळा, आणि जहांगीरभाईंची त्याच्याशी दोस्ती दोघांना मिशा फुटायच्या आधीपासूनची. त्याचा मुलगा शेखर पुण्यात नोकरीला होता. त्याचं लग्न ठरलं होतं आणि लग्नानंतर मळ्यात जे सामिष जेवण व्हायचं होतं, त्यात त्याला एक पुण्यात खाल्लेला पदार्थ हवा होता.

“पोरगं पाएया म्हन्ते. तुले येते का?”

“हाव.”

“काय असते बे ते?”

“भातच असन. स्पेनचा.”

“मंग पुलाव काऊन नाही म्हनत?”

“मले काय इचारतं? तुह्या पोराले इचार.”

एरवी हे एवढ्यावर निभावलं असतं. पण जहांगीरभाईंची मुलगी मदिहा नेमकी स्पेनमध्ये, व्हॅलेन्सिया नावाच्या शहरात राहत होती. जावई जुनेद तिथे एका कंपनीत होता. मदिहाला मुलगा झाला होता, आणि जहांगीरभाई आणि त्यांच्या पत्नी फातिमाबी नातू बघायला निघाले होते. कडूबानं बाजाराच्या दिवशी वांगी विकता विकता सगळ्या धाडला सांगितलं की जहांगीर शेखरच्या जेवणासाठी भात शिकायला विमानानं जाऊन राह्यला. नातवाचा उल्लेख त्यानं केला असेल, पण तो कोणाच्या लक्षात राहिला नाही.

म्हणजे आता खरा पाएया खाल्ल्याशिवाय परतण्याची सोय उरली नव्हती. न खाता, न बघता केलेलं मंचुरियन चालून गेलं, कारण गावात कोणीच ते बघितलं नव्हतं. इथे पाएया शेखरनं बघितला होता आणि सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. मळ्यात बेत फसला असता तर ‘स्पेनला जाऊन आला आणि भात बिघडवला’ एवढीच ओळख मागे राहिली असती.

व्हॅलेन्सियात पोचल्यावर त्यांनी नातवाच्या कानाशी दुवा पुटपुटली, त्याला फातिमाबींकडे दिलं आणि जुनेदला विचारलं, “पाएया कुठं भेटते?”

तो सगळीकडेच मिळत होता. जुन्या शहरातल्या मोठ्या चर्चभोवती एकही हॉटेल असं नव्हतं ज्याच्या दारात पाएयाच्या फोटोंचा फळा नव्हता. पिवळाजर्द भात, वर कोळंबी, लिंबाची फोड. जहांगीरभाई सगळे फळे बघत हिंडले आणि एका बाकावर बसले.

“फोटो येकच आहे,” ते म्हणाले. “सगळ्या हॉटेलांत येकच फोटो. आपल्याकडं ज्यूस सेंटरवर असते तसा.”

तरी संध्याकाळी त्यांतल्याच एका हॉटेलात बसावं लागलं, कारण जुनेदला सासऱ्यांची निराशा करायची नव्हती. मासे-कोळंबीचा पाएया मागवला. तो पाणी येण्याआधी आला. जहांगीरभाईंनी एक घास घेतला, कोळंबी बाजूला सारली, खालचा भात बोटांनी दाबून बघितला.

“कसा आहे, अब्बा?” मदिहानं विचारलं.

“चांगला आहे. काल केला तवा अजून चांगला असन.”

जुनेदनं दुसऱ्या दिवशी ऑफिसात चौकशी केली. तिथले इग्नासियो नावाचे एक गृहस्थ शांत स्वभावाचे म्हणून ओळखले जात. सासऱ्यांना चर्चजवळ पाएया खाऊ घातला हे ऐकून त्यांनी डोक्याला हात लावला. मग नियम सांगितले. फोटोचा फळा दिसला की पुढे चालायचं. संध्याकाळी पाएया इथलं कोणी खात नाही, तो दुपारचाच. एका माणसासाठी कोणी करत नाही, आणि पटकन आला तर तो पाएया नव्हे. खरा हवा असेल तर शहराबाहेर, तळ्याकाठच्या भातशेतीतल्या गावांत जायचं. तिथे चुलीवर, संत्र्याच्या लाकडावर करतात. त्यात कोंबडी, ससा आणि घेवड्याच्या शेंगा. कोळंबीचं नावही काढायचं नाही.

हे ऐकून जहांगीरभाईंचा चेहरा खुलला आणि मदिहाचा पडला.

“अब्बा, कोंबडी-ससा आपल्याला कसा चालेल? हलाल थोडीच असणार आहे तिथे. भाजीचा मागवू.”

“भाजीचा खायाले मी धाडहून आलो?”

त्यांना यात अडचण दिसेना. धाडला काम याच रीतीनं चालायचं. यजमान सामान आणून देई, आचारी हात लावी. तांदूळ कोणाचा, बोकड कोणी कापला, हे यजमानानं बघायचं. इथे यजमान ते स्वतः होते. एवढा साधा हिशेब हॉटेलवाल्यांना कळणार नाही असं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. त्यांनी मोरोक्कोच्या एका खाटकाचं हलाल मांसाचं दुकान शोधलं, इशाऱ्यांनी कोंबडी आणि ससा हवे तसे तोडून घेतले आणि रविवारी बर्फ घातलेली पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसले. फातिमाबी नातवाला घेऊन घरीच थांबल्या. जुनेदनं टेबल सांगून ठेवलं होतं. पिशवीबद्दल फोनवर सांगायला तो धजावला नव्हता.

तळ्याकाठचं ते हॉटेल म्हणजे घराला लागून मांडव आणि मागे अंगण. अंगणात चुलींची रांग. आंपारो नावाची साठीतली बाई तिथली मालकीण आणि स्वयंपाकीणही. जहांगीरभाईंनी सलाम केला आणि पिशवी तिच्यापुढे धरली.

मदिहानं डोळे मिटून घेतले आणि स्पॅनिशमध्ये बराच वेळ बोलली. आंपारोनं पिशवीत डोकावून वास घेतला आणि काहीतरी म्हणाली.

“काय म्हन्ते?”

“म्हणते, मागे एक जण स्वतःचा केचप घेऊन आला होता. त्यापेक्षा हे बरं.”

जहांगीरभाईंनी पसरट पाएयाचं भांडंही एकदा धुवायची इच्छा कळवली. आंपारोनं त्यांच्या हातात घासणी दिली आणि नळ दाखवला. यात दोघांनाही काही वावगं वाटलं नाही. मदिहा मात्र मांडवात जाऊन बसली.

मग ते चुलीपाशी उभे राहिले. बाईचं काम त्यांना बघताक्षणी पटलं. मांस तिनं घाई न करता तांबूस केलं, टोमॅटो आटवला, पाणी घालून आधण आणलं, केशर टाकलं, तांदूळ पसरला आणि ढवळायचा सराटा बाजूला ठेवून दिला. भाताला पुन्हा हात नाही. मसाला म्हणावा असं काही पडेना, याचं त्यांना वाईट वाटलं, पण दुसऱ्याच्या चुलीवर बोलू नये एवढी रीत ते पाळत.

पाणी आटलं. भात तडतडू लागला. आणि जहांगीरभाईंच्या नाकाला तो वास आला.

आचाऱ्याच्या धंद्यात मीठ कमी पडलेलं लोक विसरतात, मांस वातड राहिलेलं बोकडाच्या वयावर ढकलता येतं. भात खाली लागला तर मात्र सुटका नसते. तो वास मांडवभर फिरतो, आणि नवरानवरीला नातवंडं झाली तरी ‘भात लागलेलं लग्न’ म्हणूनच ते लग्न ओळखलं जातं. आंपारो तेव्हा पाठ फिरवून ताटल्या पुसत होती. एका भल्या बाईची अब्रू डोळ्यांदेखत जात होती. जहांगीरभाईंनी खाली बसून भांड्याखालची लाकडं भराभरा बाहेर ओढली.

आंपारो वळली. ती ओरडली नाही. तिनं पायानं लाकडं परत आत सारली आणि मदिहाला हाक मारून दोन वाक्यं बोलली.

“अब्बा, ती विचारतेय, तुम्ही जेवायला आलात का आग विझवायला?”

“तिले सांग, खाली लागून राह्यलं.”

“तिला माहीत आहे. ती मुद्दाम लावतेय.”

जहांगीरभाईंनी मुलीकडे बघितलं, मग बाईकडे. मुद्दाम भात लावणारं माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितलं होतं. ते मांडवात जाऊन बसले.

भांडं तसंच टेबलावर आलं. ताटल्या नावापुरत्या, सगळ्यांनी आपापल्या बाजूनं लाकडी चमच्यानं त्यातच जेवायचं. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर एका थाळ्यात जेवणाऱ्या जहांगीरभाईंना हे कोणी शिकवायला नको होतं. भाताचा थर बोटभरही नव्हता, दाणा सुटा होता, आणि मांसाचा सगळा रस त्यात उतरला होता. खाली पातळ, तांबूस, कुरकुरीत खरवड. जुनेद आणि मदिहा ती खरवडत होते. जहांगीरभाईंच्या बाजूला खरवड नव्हतीच. लाकडं जिथली ओढली तिथला भात मऊ राहिला होता, आणि आंपारोनं भांडं ठेवताना नीट बघून ती बाजू त्यांच्यापुढे केली होती.

“बरोबर आहे तिचं,” ते म्हणाले. मदिहानं आपल्या बाजूची खरवड चमच्यात धरून त्यांच्यापुढे केली. त्यांनी ती सावकाश चावली. मग दुसरी मागितली.

धाडला परतल्यावर त्यांनी कडूबाला स्वच्छ सांगितलं, की हे देगीचं काम नाही. गावासाठी नेहमीचा पुलाव होईल, आणि पाएया एकच, नवरानवरीच्या पंगतीपुरता. जिलेबीवाल्याची पसरट तई मागून आणली, संग्रामपूरकडच्या ओळखीच्या बागवाल्याकडून संत्र्याची वाळकी लाकडं आणवली, शेंगा कडूबाच्या मळ्यातल्या. सशाचा विषय निघाला तेव्हा कडूबा म्हणाला, “ससा गिसा काही नाही, फारेस्टवाले धरून नेतीन.” म्हणून नुसती कोंबडी.

शेवटी वास सुटला तेव्हा पंगतीतल्या म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. मग यजमानाचा मान राखायला त्या पुन्हा खाली घातल्या. पाएया वाढला गेला. “भात बरा आहे, पन रस्सा कुठं आहे?” असं दोघा-तिघांनी विचारलं आणि पुलावाकडे वळले. शेखरनं दोन घास खाल्ले आणि अदबीनं म्हणाला, “काका, छान आहे. पण ओरिजिनलमध्ये कोळंबी असते. आणि स्वीट कॉर्न.”

“असन,” जहांगीरभाई म्हणाले. त्यांना वादच घालावासा वाटला नाही.

माणसं पांगल्यावर ते तईपाशी गेले. वरचा भात संपला होता. खरवड जळकी समजून सगळ्यांनी सभ्यपणे सोडून दिली होती, तईभर. कडूबाची बायको कौशल्याबाई ती खरवडून कुत्र्यापुढे टाकायला निघाली होती. त्यांनी तिच्या हातातला सराटा घेतला, एक मोठा तुकडा सुटा केला आणि तिला दिला.

कौशल्याबाईनं तो उभ्यानंच खाल्ला आणि पदर खोचून खाली बसली.

“काय करून राह्यले तुमी दोघं?” म्हणत कडूबा आला.

“भाऊजींनी भात लावला,” कौशल्याबाई म्हणाली. “बसा, अन् तिकडून खा. इकडचा माहा आहे.”