लेक पयल्या पंगतीत बसली

माही धाकटी जाऊ हैदराबादेत आहारशास्त्र शिकून आमच्या घरात आली, तवा मले भ्या होतं की आता चूल वाटून द्या लागते. भ्या फुकटचं निघालं. तिनं चुलीले हातच लावला नाही. अंबाडीच्या भाजीत काय काय असते, हे ती उटनूरच्या बायकायले सांगाले जाये, अन् घरी ती भाजी मी निवडत बसो.

पाहता पाहता तिचं नाव झालं. रविवारच्या पेपरात लेख, मंग रेडिओ, मंग पुस्तक. दिराची बदली मंचेरियलले झाली त तिथंही तिच्या भाषणाले मंडप पुरेना. पिकते तिथं विकत नाही म्हणतात. हिचं त पिकलंही नोतं, तरी खपत होतं. लोक म्हणत, "नशीबवान हायेस, अशी जाऊ भेटली." मी हासो, अन् पोटात जळो.

पण खरी जळली ते लेकीपायी. आमच्या घरी आधी माणसं जेवत, मंग पोरं, शेवटी बायका-पोरी. माही लेक शेवटच्या पंगतीत, माह्याच ताटात जेवे. भाकरीचा पापुद्रा तिचा, बूड माहं. दिवसभरात तेवढा वेळच ती माही होती.

एका सुटीत जाऊ सासऱ्यायले म्हणाली, "मामाजी, वाढत्या पोरीले उरलंसुरलं काऊन देता? पयल्या पंगतीत बसवा तिले."

सासरे लगेच हो म्हणाले. मी म्हटलं असतं त म्हणाले असते, तू चूल पाह्य. त्या दिवसापासून लेक आजोबाजवळ बसली अन् मी एकटी जेवू लागली. पोरीच्या अंगाले मास लागलं. जाऊचं खरं निघालं, याचाच मले जास्त राग.

दहावी झाल्यावर लेक शिकाले काकूकडंच गेली. एकदा लेकीचा निरोप आला, काकूच्या सभेत मी बोलून राह्यली, तू ये. मी ठेवणीतलं लुगडं नेसून गेली, मागं बसली. लेक माइकसमोर काकूसारखीच मान ताठ करून उभी राह्यली. बोलणंही आता काकूसारखंच.

"आमच्या घरी मी सगळ्यांत शेवटी जेवायची," ती म्हणाली. "आईच्या ताटात, उरेल ते. पोटभर जेवायला मला काकूनं शिकवलं."

जाऊनं तिच्या पाठीवर हात ठेवला. टाळ्या थांबेनात.

शेजारची अनोळखी बाई माह्या कानाशी लागली, "कशी माय असन वं ते?"

"असतात अशा," मी म्हटलं, अन् टाळ्या वाजवू लागली.