चाळीस पाकिटं

"तपासलंय, की धरून चाललात?"

आमच्या साकीनाक्याच्या गाळ्यात कोणी काहीही ठामपणे सांगितलं, की कुलपांची सुरक्षा तपासणाऱ्या बाई चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारायच्या. चहात साखर आहे म्हटलं तरी.

आम्ही मोबाइलवरून उघडणारी दाराची कुलपं बनवायचो. स्टोअरची नोंद माझ्याकडे. मोबाइल आणि कुलूप एकमेकांशी काय बोलतात, ते बाई ओळीओळीने एका प्रोग्रामला लिहून द्यायच्या. मग तो प्रोग्राम स्वतःच चोर व्हायचा. निरोप मधेच पकडायचा, जुना निरोप पुन्हा पाठवायचा, शक्य त्या सगळ्या वाटा धुंडाळायचा. एखादी सापडली की पायरीपायरीने दाखवायचा. बाई कौतुकाने म्हणायच्या, "काय हुशार आहे हो मेला!"

एके दिवशी त्याला एकही वाट सापडली नाही. कुलूप सुरक्षित असल्याचं सिद्ध झालं. बाईंनी सही केली, पेढे वाटले आणि चाळीस कुलपं घरोघरी बसली.

प्रत्येक कुलपात वेगळा गुप्त आकडा भरायचा. त्याचं बंद पाकीट स्टोअरमध्ये असतं. महिन्याने मी नोंद जुळवली, तर चाळीसही पाकिटं कपाटात तशीच. कुलपं जोडणाऱ्या बेंचवरच्या माणसाने चाचणीचा एकच आकडा सगळ्यांत भरला होता.

पाकिटं मी बाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी प्रोग्राम उघडला. पहिलीच ओळ होती, प्रत्येक कुलपाचा आकडा वेगळा. तिच्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "ही ओळ मी धरून चालले हो."

मालक म्हणाले, "कोणाला कळणारेय मॅडम? पुढच्या लॉटला बघू ना."

"या चाळीस गिऱ्हाइकांतल्या एकाने डोकं लावलं तर त्याच्या मोबाइलवर चाळीस दारं उघडतील, साहेब. आत माणसं राहतात."

"सही तुमचीच ना? लोकांना सांगत फिरायचं असेल, तर महिनाअखेर नोकरी सोडा."

"सोडते. तोवर आकडे बदलून येते."

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर. लॅपटॉप घेऊन बाई, पाकिटं घेऊन मी. प्रत्येक दारात त्या आधी सांगायच्या, "चूक माझी आहे."

एका जिन्यात मी कुरकुरलो, "अहो, बेंचवाल्याची म्हणा ना."

"त्याला मी कधी विचारलंच नव्हतं."

बोरिवलीच्या एका आजोबांनी त्यांना चांगलंच झापलं, आणि मग बसवून कोकम सरबत दिलं.

महिना संपला तेव्हा मुलुंडचं एकच घर उरलं होतं. माणसं गावी गेलेली. सोमवारी बाईंचं टेबल रिकामं होतं, आणि शेवटचं पाकीट कपाटात नव्हतं. मी घाबरून मुलुंड गाठलं.

दार उघडून त्या घरच्या वहिनी म्हणाल्या, "काल एक बाई येऊन बदलून गेल्या की. आमची गाडी लेट झाली, तर बिचाऱ्या दोन तास जिन्यात बसून होत्या."