बाईंनी पुसायला लावलेल्या खुणा

बोरिवलीच्या आमच्या रुग्णालयात मी पॅथॉलॉजी विभागात रुजू झालो, तेव्हा डॉ. मृदुला केळुसकर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "सावंत ना? मला मॅडम नको, बाई म्हण. आणि ये, ही स्लाइड बघ. आजाराचं नाव घाईने सांगू नकोस, आधी काय दिसतंय ते सांग." मी घाईने नाव सांगितलंच, आणि ते चुकलं. "मेल्या, तुला कुठे गाडी पकडायची आहे?" एवढंच त्या म्हणाल्या. बाईंशी माझी ओळख झाली ती अशी.

आमच्या विषयात नियम बदलत असतात. काल ज्या गाठीला कॅन्सर म्हटलं, तिला यापुढे तसं म्हणू नका, असं मार्गदर्शक सूचनांचं नवं पुस्तक सांगतं. इतर ठिकाणी पुढच्या रुग्णापासून नवा नियम लावतात. बाई मात्र जुन्या स्लाइडची खोकी काढायला लावत. जुना रिपोर्ट पालथा ठेवायचा आणि स्लाइड पुन्हा वाचायची. याला त्या उजळणी म्हणत. आम्ही मनातल्या मनात शिव्या घालत असू, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या दिवशी त्या घावणे-चटणीचा मोठा डबा आणत.

पुढे स्लाइड वाचणारा कॉम्प्युटर आला. त्याला शिकवण्यासाठी जाणकाराने स्लाइडच्या चित्रांवर खुणा करायच्या असतात, हा कॅन्सर, हा नाही. थायरॉइडच्या गाठींवरच्या जवळजवळ सगळ्या खुणा बाईंच्या हातच्या. ते काम चालू असतानाच त्यांच्या नजरेच्या मधोमध एक डाग पसरू लागला. उपचार झाले, उपयोग झाला नाही. आता बाईंना कडेकडेचं थोडं दिसतं, समोर बसलेल्याचा चेहरा दिसत नाही. त्यांच्या निरोप समारंभात कुणीतरी म्हणालं, बाईंची नजर आता मशीनमध्ये सुरक्षित आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईही हसल्या, पण शेजारी बसलेल्या माझा हात त्यांनी घट्ट धरला होता. मला फार वाईट वाटलं होतं.

त्यानंतर थायरॉइडच्या एका प्रकारच्या गाठीचा नियम बदलला. भोवतीचं आवरण शाबूत असेल, गाठ त्याबाहेर कुठेही घुसलेली नसेल, तर तिला कॅन्सर म्हणायचं नाही. आम्ही पुस्तक वाचलं. कॉम्प्युटरला हे शिकवायला हवं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. उजळणीला बसवणाऱ्या बाई घरी होत्या ना.

गोराईच्या एका तरुण कोळणीची गाठीमुळे अर्धी थायरॉइड ग्रंथी काढली होती. कॉम्प्युटरने कॅन्सर सांगितला आणि उरलेली ग्रंथी काढायचं ठरलं. मला ते पटेना. मी बाईंना फोन लावला.

"आवरण शाबूत आहे?"

"हो बाई."

"सगळीकडून? आणखी तुकडे घेऊन बघितलंस?"

"बघितले. कुठेही बाहेर आलेली नाही."

बाई म्हणाल्या, "ते मशीन माझंच ऐकतंय रे. माझ्या जुन्या खुणा आहेत त्या. या प्रकारच्या गाठीच्या सगळ्या पुसून टाक."

"बाई, त्या खुणांपायी तुम्ही डोळे..."

"डोळे जायचे होते, गेले. मला वाईट वाटेल म्हणून त्या पोरीच्या गळ्यावर पुन्हा सुरी चालवणार का तू?"

ती शस्त्रक्रिया रद्द झाली. नव्या खुणा होईपर्यंत थायरॉइडसाठी मशीन बंद ठेवायचं, हे बाईंनी वरिष्ठांशी भांडून मान्य करून घेतलं. मग बाई विभागात येऊ लागल्या आणि पुन्हा उजळणी सुरू झाली. आम्ही दिसेल ते मोठ्याने सांगायचो आणि बाई ऐकून प्रश्न विचारायच्या. त्यांची एकेक खूण मी माझ्या हाताने पुसली. पुसली की "झालं?" असं त्या हळूच विचारायच्या. तो आवाज माझ्या कानांतून जात नाही.

त्या उजळणीत विक्रोळीच्या एका रुग्ण महिलेची जुनी स्लाइड निघाली. त्यांची पूर्ण ग्रंथी काढली होती. रिपोर्ट बाईंचा, त्या वेळच्या नियमाने अगदी बरोबर. "फोन नको, समोर बसून सांगते," असं म्हणून बाईंनी मला रिक्षा करायला लावली. त्या घरात बाईंनी शांतपणे सगळं सांगितलं. आज आम्ही याला कॅन्सर म्हणणार नाही, हेही सांगितलं. त्या महिलेने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "डॉक्टर, कॅन्सर म्हणून मी दुसरं मूल होऊ दिलं नाही. म्हटलं, मी गेले तर त्याला कोण बघणार?"

त्या वेळचा नियमच तसा होता, हे वाक्य माझ्या तोंडावर आलं होतं. बाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं. त्या घरचा चहा घेतला आणि आम्ही निघालो.

परतताना जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावर रिक्षा अडकली. बाईंनी विचारलं, "सावंत, रडत होती का रे ती? मला चेहरा दिसला नाही."

मी हो म्हटलं. बाईंशी खोटं बोलणं मला कधी जमलंच नाही.

बाई, आपल्या पंचाहत्तरीचा हा लेख मीच आपल्याला वाचून दाखवणार आहे, आणि आपण मध्येच थांबवून "घाई करू नकोस" म्हणणार आहात. आपल्याला उदंड आयुष्य आणि धडधाकट तब्येत लाभो, ही आम्हा सर्वांची प्रार्थना. त्यात माझा स्वार्थही आहे. आपल्या खुणांच्या जागी आता माझ्या खुणा आहेत. पुन्हा कधीतरी नवं पुस्तक येईल आणि त्याही पुसाव्या लागतील. तेव्हा माझा हात अडेल. "पुसून टाक" म्हणायला त्या दिवशी आपण शेजारी असायला हव्यात.